समुद्रतळाखालच्या वायूवर पहारा

नॉर्वेच्या किनाऱ्यापासून सुमारे 240 किलोमीटर आत, उत्तर समुद्रात स्लीपनर नावाचे वायुक्षेत्र आहे. तिथला नैसर्गिक वायू वर येतो तोच कार्बन डायऑक्साइड घेऊन, काही विहिरींत जवळपास नऊ टक्के. विक्रीच्या वायूत मात्र अडीच टक्क्यांहून जास्त चालत नाही. वेगळा काढलेला वायू हवेत सोडणे सगळ्यांत सोपे होते, पण नॉर्वेने 1991 मध्ये कार्बनवर कर बसवला होता. तेव्हाच्या स्टॅटऑइलने, म्हणजे आजच्या इक्विनॉरने, हिशेब मांडला आणि तो पुन्हा भूगर्भात घालायचे ठरवले. 1996 मध्ये काम सुरू झाले. सुरुवातीच्या काळात वर्षाला साधारण दहा लाख टन.

हा वायू जातो उत्सिरा नावाच्या वाळूखडकात, समुद्रसपाटीपासून सुमारे एक किलोमीटर खाली. खडक सच्छिद्र, खाऱ्या पाण्याने भरलेला. वर शेलचे जाड झाकण.

झाकण घट्ट आहे, हे कळणार कसे?

त्यासाठी तेलशोधातली जुनीच पद्धत कामी आली. जहाजामागे ओढलेल्या एअरगनमधून दाबलेली हवा पाण्यात सुटते, लहर खडकात उतरते, थरांवर आपटून परतते आणि लांबलचक केबलींतले हायड्रोफोन ती टिपतात. इथे महत्त्व आहे ते त्याच जागी पुन्हा पुन्हा जाण्याला. वायू घालण्याआधीचा, 1994 चा सर्व्हे हाताशी होता. 1999 मध्ये जहाज परत गेले, तेव्हा आधी जिथे ठळक काही नव्हते तिथे एकावर एक नऊ झगझगीत थर उमटले. उत्सिराच्या आत शेलचे जेमतेम मीटरभर जाडीचे पडदे आहेत. वर चढणारा वायू त्यांच्याखाली अडत, पसरत, वाट काढत गेला होता. वायू शिरलेल्या वाळूत लहरीचा वेग सेकंदाला सुमारे 2,050 मीटरवरून 1,450 च्या आसपास उतरतो, म्हणून हे थर इतके उठून दिसतात. त्यांच्याखालचे खडक चित्रात खचल्यासारखे भासतात. ते जागचे हललेले नसतात, लहर उशिरा परतलेली असते.

पण लहर जागा दाखवते, वजन सांगत नाही. ते काम गुरुत्वमापकाचे. 2002 मध्ये स्लीपनरच्या तळावर, सुमारे 80 मीटर पाण्याखाली, काँक्रीटचे ठोकळे मांडले गेले. दूरनियंत्रित पाणयान मापक घेऊन एकेका ठोकळ्यावर उतरते, वीसेक मिनिटे निश्चल बसते, उचलले जाते, पुढच्या ठोकळ्याकडे निघते. मोजायचा फरक मायक्रोगॅलमध्ये. एक मायक्रोगॅल म्हणजे पृथ्वीच्या ओढीचा जवळजवळ शंभर कोटीवा भाग. खाऱ्या पाण्याची जागा हलक्या वायूने घेतली की ओढ तेवढीशी कमी होते. त्यातही उत्सिराच्या खाली असलेल्या नैसर्गिक वायूच्या साठ्यात शिरणाऱ्या पाण्याचा परिणाम वजा करावा लागतो. एवढे सोपस्कार केल्यावर 2009 पर्यंतच्या मोजणीतून उत्तर निघाले: साठवलेल्या कार्बन डायऑक्साइडची घनता घनमीटरला 700 किलोच्या आसपास, आणि पाण्यात विरघळण्याचा वेग वर्षाला फार तर 1.8 टक्के. किलोमीटरभर खोलीवरची, डोळ्यांना कधीच न दिसणारी गोष्ट अशी तोलता येते, याचे कौतुक वाटल्याशिवाय राहत नाही.

पहारा चोख असला की चूकही वेळेत सापडते. बॅरेंट्स समुद्रातल्या स्नोविट वायुक्षेत्रात 2008 मध्ये वायू घालायला सुरुवात झाली आणि खडकातला दाब अपेक्षेपेक्षा भराभर चढला. दाबमापक आणि परतलेल्या लहरींचे चित्र जुळवून पाहिले गेले, आणि 2011 मध्ये वायू वरच्या, अधिक मोकळ्या थरात वळवला. अल्जीरियातल्या इन सालाहला उपग्रहाच्या रडारने वाळवंटाची जमीन वर्षाला काही मिलिमीटर फुगताना टिपली. तिथे 2011 मध्ये वायू घालणे थांबले.

दख्खनचा बसाल्टही अशा साठवणीसाठी अभ्यासला जातो आहे. पण लाव्ह्याच्या थरांवर थर असलेला हा खडक लहरी विखुरतो, त्यामुळे उत्सिरासारखे स्वच्छ चित्र इथे सहजी मिळणार नाही. म्हणून साठवणीच्या योजनेइतकाच पैसा आणि विचार पहाऱ्याच्या पद्धतींवर आजच खर्च व्हायला हवा. स्लीपनरचे सर्व्हे अभ्यासकांसाठी खुले केलेले आहेत. मुंबई-पुण्यात भूभौतिकी शिकणाऱ्या मुलामुलींनी 1994 आणि 1999 ची चित्रे शेजारी ठेवून एकदा तरी पाहावीत.