हेडर बसवा, पण आधी गंजाचा विचार करा



जुन्या जिप्सीत बाजारातला हेडर बसवायचा का, बसवला तर तो गंजतो का, असं तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी विचारलं होतं. आज त्यावरच बोलू. मी स्वतः ही चूक करून बसलोय, त्यामुळे पुस्तकी बोलणार नाही.

हेडर म्हणजे काय?

इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमधून जळलेला वायू बाहेर पडतो. कंपनीच्या गाडीत तो आधी बिडाच्या मॅनिफोल्डमध्ये येतो. मॅनिफोल्ड आखूड, जाड आणि जड असतो. हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र लांब पाइप असतो आणि हे पाइप पुढे एकत्र येतात. जिप्सीच्या १२९८ सीसी इंजिनाला चार सिलिंडर, म्हणून चार पाइप. चारांचे दोन आणि दोनाचा एक केला तर मधल्या वेगात ओढ सुधारते. चारांचा थेट एक केला तर फायदा वरच्या वेगात मिळतो. पाइपांची लांबी नीट जुळली, तर एका सिलिंडरचा वायू बाहेर जाताना दुसऱ्याचा वायू ओढून घेतो.

पण एवढ्या लहान इंजिनात फरक थोडाच पडतो. आवाज वाढला की ताकद वाढल्यासारखी वाटते, त्याला फसू नका. आणि ही थोडी ओढ विकत घेताना आपण बिडाची जाड भिंत काढून तिच्या जागी दीड-दोन मिलिमीटरचा पत्रा लावतो, हे विसरू नका. गंजाला तेवढा पत्रा खायला फार वेळ लागत नाही.

माझ्या गाडीचं काय झालं

निवृत्तीनंतर आम्ही रत्नागिरीला राहायला गेलो. मी जुनी जिप्सी घेतली आणि तिला साध्या लोखंडाचा, म्हणजे एमएसचा हेडर बसवून घेतला. बॉनेटखालची उष्णता कमी होईल, असं गॅरेजवाल्याने सांगितलं, म्हणून पाइपांवर काचतंतूची पट्टी गुंडाळली. दिसायला झकास दिसत होतं.

दोन पावसाळे गेले. तिसऱ्या पावसाळ्यात कोल्हापूरला निघालो होतो. आंबा घाटात मुसळधार पाऊस, काचा बंद. आमच्या मिसेस म्हणाल्या, डोकं फार दुखतंय, मळमळतंय. मला वाटलं, घाट लागला असेल. मग मलाही जडपणा आला, डोळ्यांवर झापड येऊ लागली. बॉनेटखालून हलकी फट्-फट् ऐकू येत होती. तेव्हा ट्यूब पेटली. गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं, दारं उघडली आणि दोघं भर पावसात उभे राहिलो.

नंतर पट्टी सोडवली, तर पाइपाचे पापुद्रे पट्टीबरोबरच निघाले. चारही पाइप जिथे जुळतात तिथे बोट जाईल एवढं भोक होतं. तिथून बाहेर पडणारा वायू फायरवॉलच्या फटींतून आणि हवेच्या झडपेतून केबिनमध्ये येत होता. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोकेदुखी, मळमळ, झोप ही त्याची लक्षणं. गाडीत एकाच वेळी दोघांना ती जाणवली, तर घाटाला दोष देऊ नका. आधी गाडी थांबवा आणि मोकळ्या हवेत या.

गंज येतो कुठून?

दोन्हीकडून. बाहेरून पाऊस, चिखल आणि समुद्राची खारी हवा. पट्टीने हेच पाणी आणि मीठ लोखंडाला चिकटवून ठेवलं होतं. म्हणून एमएसच्या पाइपाला, विशेषतः किनाऱ्यावर, पट्टी गुंडाळू नये. उष्णता अडवायचीच असेल तर पाइपापासून थोडं अंतर ठेवून पत्र्याची ढाल लावा.

आतला गंज दिसत नाही. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. पाइप तापलेला असला की ते वाफ होऊन निघून जातं. गाडी दोन मिनिटं चालू करून बंद केली, तर तेच पाणी आत साचतं. 'बॅटरीसाठी रोज थोडी चालू करतो' म्हणणाऱ्यांचे पाइप आधी सडतात. त्यापेक्षा आठवड्यातून एकदा अर्धा तास रस्त्यावर फिरवा. सायलेन्सरच्या तळाला बारीक भोक दिसलं तर बुजवू नका; बऱ्याचदा ते पाणी निघण्यासाठीच असतं.

कोणत्या गावी कोणता हेडर?

इंदूर, जोधपूर, हैदराबादसारख्या आतल्या शहरांत एमएसचा पाइप चांगला रंग देऊन बरीच वर्षं चालतो. मुंबई, गोवा, विशाखापट्टणम, चेन्नई इथे ३०४ दर्जाचं स्टेनलेस घ्या, किंवा आतून-बाहेरून सिरॅमिक लेप दिलेला हेडर घ्या. ४०९ दर्जाचं स्टेनलेस स्वस्त असतं. त्यावर तपकिरी डाग पडतात, पण एमएसपेक्षा ते पुष्कळ टिकतं. ३०४ तापल्यावर जास्त फुगतं, म्हणून पुढे लवचीक जोड हवा, नाहीतर वेल्डला तडा जातो. जस्ताचा मुलामा दिलेला पाइप मात्र इथे नकोच. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं, त्याची वाफ विषारी असते, आणि जोरात चालवल्यावर हेडर ६०० अंशांच्या वर जाऊ शकतो.

रंग द्यायचा तर ६०० अंश सोसणारा सिलिकॉनचा रंग घ्या. आधी सँडब्लास्टिंग, मग थिनरने तेलकटपणा पुसायचा, आणि त्यानंतर उघड्या हाताने शिवायचं नाही. खाली रेड ऑक्साइड लावू नका, ते जळतं. पातळ थर द्या आणि डब्यावर लिहिल्याप्रमाणे टप्प्याटप्प्याने तापवून-निववून पक्का करा. हा रंग फक्त बाहेरून राखतो. इंजिनाजवळ तो आधी सुटतो, म्हणून पावसाळ्याआधी दरवर्षी पाहायचा.

बसवताना

आदल्या रात्री जुन्या नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. इंजिन थंडच हवं. जुने स्टड खराब दिसले तर बदला, गॅस्केट नवीनच घाला. हेडरच्या फ्लँजवर पोलादी पट्टी आडवी धरून ती सपाट आहे का पाहा. वाकडी असेल तर गॅस्केट कितीही भारी असो, गळणारच.

स्टडना अँटी-सीझ लावा. सगळे नट आधी हाताने फिरवा, मग मधून सुरुवात करून दोन्ही टोकांकडे, दोन-तीन फेऱ्यांत टॉर्क रेंचने आवळा. आकडा तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधून घ्या. पाइप आणि ब्रेकची नळी, पेट्रोलची नळी, वायरिंग यांच्यात मोकळं अंतर ठेवा. मागच्या पाइपाचं वजन हेडरवर लटकू देऊ नका, गिअरबॉक्सपाशी आधार द्या. पहिल्यांदा चालू करण्याआधी पाइपावरचे हातांचे डाग पुसा. एकदा तापून पूर्ण थंड झाल्यावर पुन्हा आवळा, आणि ५०० किलोमीटरनंतर आणखी एकदा.

एमपीएफआय गाडीत ऑक्सिजन सेन्सर असतो. त्याच्या आधी गळती असेल तर दोन धक्क्यांच्या मध्ये बाहेरची हवा आत ओढली जाते. संगणकाला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि तो जास्त सोडतो. हेडर लावल्यावर ॲव्हरेज घसरलं, तर आधी गॅस्केट तपासा.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि सायलेन्सर काढू नका. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या बदलांवर बंधनं घालतं. आवाज आणि धुराची मर्यादा मोडली, तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १९० (२) खाली १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा ३ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

फर्स्ट परेड

फौजेत गाडी बाहेर काढण्याआधी तिची रोज तपासणी होते, तिला फर्स्ट परेड म्हणतात. हेडर असेल तर तुम्हीही महिन्यातून एकदा करा. गाडी थंड असताना चालू करून फट्-फट् ऐका. गरम झाल्यावर पाइप फुगतो आणि बारीक गळती लपते. गॅस्केटपाशी काजळीचा काळा ओघळ आहे का पाहा. इंजिन बंद आणि थंड असताना मागून ब्लोअरने हवा सोडून जोडांवर साबणाचं पाणी मारा, बुडबुडे आले तर गळती पक्की. पाइप स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. खणखणीत वाजायच्या ऐवजी भद्द वाजला तर तिथला पत्रा संपत आलाय.

मी नंतर काय केलं, तेही सांगतो. बिडाचा जुना मॅनिफोल्ड माळ्यावर पडून होता, तोच परत लावला. गाडी थोडी मंद झाली असेल. मिसेस आता पावसात काचा बंद करून निवांत डुलकी काढतात, आणि ती डुलकी कसली आहे याची मला खात्री असते.

जय हिंद.