रांगेत स्कोअर बघू नका!

पोहरादेवीची यात्रा आणि आयपीएल, दोन्ही एकाच मोसमात. रामनवमीला सेवालाल महाराजांच्या समाधीच्या रांगेत तुम्ही, पुढे याडी, मागे अख्खा तांडा आणि जीव मात्र खिशातल्या मोबाईलमध्ये. टेन्शन घेऊ नका, आकडे आपल्या बाजूने आहेत!

२०२४ ची रामनवमी आठवा. १७ एप्रिल, गुजरात ८९ वर ऑलआउट, दिल्लीने नऊ ओव्हरच्या आत खेळ खल्लास केला. काय चुकलं तुमचं? खरा थरार आदल्या रात्रीच झाला होता. रामनवमीमुळे कोलकात्याची मॅच एक दिवस अलीकडे आणली आणि तिथे राजस्थानच्या बटलरने नाबाद १०७ ठोकून २२४ चं टार्गेट शेवटच्या बॉलवर गाठलं. (नरिनचे १०९ बिचारे वाया!) २०२५ ला पुन्हा तेच. ६ एप्रिलची कोलकाता-लखनऊ मॅच ८ तारखेला गेली आणि लखनऊ फक्त ४ रनने जिंकलं. रामनवमीच्या रात्री सिराजने हैदराबादच्या ४ विकेट काढल्या, तेवढं मात्र हुकलं असेल. हायलाइट्स बघा की!

पुढच्या सीझनचं टाइमटेबल आलं की आधी रामनवमी शोधा. त्या दिवशी कोलकात्यात मॅच दिसली, तर मागचे-पुढचे दोन दिवस मोकळे ठेवा. आणि रांगेत बॅटरी संपवू नका, गर्दीत चुकलेल्या काकाला फोन तुम्हालाच लावायचाय.