एकशे बावन्नाव्या रस्त्यावरची नृत्यशाळा

१९६८च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत, एका गॅरेजमध्ये, आर्थर मिचेल तीस मुलांना बॅले शिकवत होते. उकाडा इतका की दारं सताड उघडी ठेवावी लागत. रस्त्याने जाणारी पोरं थांबत, आत डोकावत, आणि त्यांतली काही आत येऊन रांगेत उभीच राहत. अंगाला चिकटणारे कपडे घालायला मुलगे लाजत, म्हणून मिचेल यांनी नियम सैल केला: गुडघ्यावर कापलेली जीन्स आणि साधा टी-शर्टही चालेल. तालासाठी ढोल आणले. दोन महिन्यांत तिसाची चारशे मुलं झाली. पुढच्याच वर्षी, १९६९मध्ये, त्यातून ‘डान्स थिएटर ऑफ हार्लेम’ ही संस्था उभी राहिली. १५२व्या रस्त्यावर तिला कायमचं घर मिळालं, तेही एक जुनं गॅरेजच. कृष्णवर्णीय नर्तकांचा बॅलेतला इतिहास सांगायचा तर या घरापासूनच सुरुवात करायला हवी.

हार्लेम आपल्याला अगदीच परकं नाही. १९१३ ते १९१६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, ते या वस्तीला लागूनच आहे. पुढे १९४६मध्ये बाबासाहेबांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं. अमेरिकेतले कृष्णवर्णीय संयुक्त राष्ट्रांपुढे आपलं गाऱ्हाणं कसं मांडत आहेत, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. १९५४मध्ये ते भंडाऱ्याची लोकसभा पोटनिवडणूक लढले, तेव्हा आपला गोंदिया त्याच जिल्ह्यात होता. ती निवडणूक ते हरले. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने शाळांमधली वर्णभेदी विभागणी बेकायदा ठरवली. कायद्याने शाळेचं दार उघडलं. नृत्यशाळेचं आणि रंगमंचाचं उघडायला त्यानंतरही फार वेळ लागला.

बॅले वाढलं ते राजदरबारात. फ्रान्सच्या चौदाव्या लुईने १६६१मध्ये नृत्याची अकादमी काढली, तिथे त्याला शास्त्र मिळालं. रशियाच्या झारने त्याला पोसलं. दोन्ही पाय खुब्यापासून बाहेर वळवलेले, पाठ ताठ, पायांच्या पाच ठरलेल्या स्थिती, आणि मुलींनी तर सगळं अंग बोटांच्या टोकांवर पेलायचं. हे लहानपणीच सुरू करावं लागतं. हाडं घट्ट झाल्यावर पाय तसे वळत नाहीत. वर्णभेदाची खरी मेख इथेच होती. आठव्या वर्षी ज्या मुलीला शाळेत घेतलं नाही, तिला अठराव्या वर्षी निवड चाचणीला बोलावून उपयोग काय? वर पुन्हा म्हणायचं की या मुलींमध्ये तयारीच नसते. त्यांचे पाय सपाट असतात, कंबर जड असते, ‘स्वान लेक’मधल्या पांढऱ्या हंसिणींच्या रांगेत एक काळी मुलगी उभी राहिली तर चित्र बिघडतं, अशी कारणं उघड सांगितली जात.

त्यातूनही काही जणी पोचल्या. जॅनेट कॉलिन्स पंधरा-सोळा वर्षांची असताना एका नामवंत रशियन मंडळीच्या चाचणीला गेली. नाच पसंत पडला, पण मंचावर यायचं तर तोंड पांढरं रंगवावं लागेल, असं तिला सांगण्यात आलं. ती नाही म्हणाली आणि घरी परतली. १९५१मध्ये तीच कॉलिन्स न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या मंचावर नाचली आणि तिथली प्रमुख नर्तिका झाली. रेव्हन विल्किन्सनला तिसऱ्या चाचणीनंतर, १९५५मध्ये, ‘बॅले रूस द मॉन्टे कार्लो’ मंडळीत घेतलं. तिचा रंग उजळ होता, दक्षिणेकडच्या दौऱ्यांत तो खपून जाई. पण कुणी विचारलं तर आपण कोण हे ती लपवीत नसे. मग एका हॉटेलने तिला उतरू दिलं नाही, आणि अलाबामातल्या माँटगोमेरीत कू क्लक्स क्लान या वर्णद्वेषी संघटनेची माणसं थेट नाट्यगृहात घुसली. शेवटी तिने मंडळी सोडली. काही वर्षांनी तिला मान मिळाला तो नेदरलँड्सच्या राष्ट्रीय बॅलेत.

हार्लेममध्येच जन्मलेले आर्थर मिचेल याच १९५५मध्ये, एकविसाव्या वर्षी, ‘न्यूयॉर्क सिटी बॅले’त दाखल झाले. नृत्यरचनाकार जॉर्ज बॅलन्चिन यांनी १९५७मध्ये ‘ॲगॉन’ हे बॅले रचलं, तेव्हा त्यातलं मुख्य जोडनृत्य मिचेल आणि गोरी नर्तिका डायना ॲडम्स यांच्यासाठी बांधलं. काळ्या पुरुषाचा हात गोऱ्या स्त्रीच्या हातात, तोही त्या काळच्या अमेरिकेत! दूरचित्रवाणीच्या व्यावसायिक वाहिन्यांनी ते नृत्य १९६८पर्यंत दाखवलं नाही. मिचेल मात्र जगभर नाचत राहिले. ४ एप्रिल १९६८ला मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, ती बातमी त्यांना ब्राझीलला जायला विमानतळाकडे निघाले असताना कळली. तिथे एक बॅले मंडळी उभी करण्याचं काम त्यांच्याकडे होतं. दुसऱ्या देशात जाऊन हे करायचं, मग आपल्या वस्तीत का नाही, हा प्रश्न त्यांना सोडेना.

हार्लेमच्या शाळेसाठी त्यांच्या जोडीला आले कॅरेल शूक. ते गोरे, मिचेल यांचेच गुरू, ॲमस्टरडॅमची नोकरी सोडून आलेले. पोलिओने पाय गेलेल्या टॅनाक्विल ले क्लेर्क या थोर नर्तिकेने इथे चाकांच्या खुर्चीत बसून वर्ग घेतले. पायांची हालचाल त्या हातांनी दाखवत. मिचेल फार कडक होते, आणि त्यांच्या विद्यार्थिनींनी ते लपवलेलं नाही. एकही पाऊल सैल पडलं तर लोक म्हणतील, बघा, सांगत होतो ना! ही धास्ती त्या वर्गात सतत होती. तरी शाळेत केवळ नर्तक घडावेत असा हट्ट नव्हता. वस्तीतल्या मुलाला शिस्त लागावी, आपलं अंग आपल्या ताब्यात आहे हे त्याला कळावं, एवढं झालं तरी पुरे होतं. मला या संस्थेचं सगळ्यात मोठं काम तेच वाटतं.

आता बुटांची गोष्ट, कारण तिच्यात सगळा अन्याय दिसतो आणि त्यावरचा उपायही. बॅलेचे मोजे आणि सॅटिनचे बूट फिकट गुलाबी का असतात? गोऱ्या कातडीशी ते जुळतात आणि कमरेपासून अंगठ्यापर्यंत पाय एक अखंड रेघ दिसते म्हणून. सावळ्या नर्तिकेच्या अंगावर तीच रेघ मधेच तुटते. म्हणजे ज्याला परंपरा म्हणत होते, तो एका विशिष्ट वर्णाचा हिशेब होता. हार्लेमच्या मंडळीतली लॅन्ची स्टीव्हन्सन म्हणाली, आपण आपल्या रंगाचे मोजे घालू या. मिचेल यांनी ते मानलं. सत्तरच्या दशकात एकेका नर्तिकेच्या कातडीचा वर्ण पाहून तिचे मोजे रंगवले जाऊ लागले, बूटही. मंचावर बदामी, गव्हाळ, गडद तपकिरी अशा कितीतरी छटा एकत्र नाचू लागल्या आणि चित्र मुळीच बिघडलं नाही.

बाकीच्या जगात मात्र काळ्या नर्तिका तोंडाला लावायचा मेकअप ओल्या स्पंजने बुटांना फासत राहिल्या. हा बूट टिकतो किती? कधी कधी एकाच प्रयोगापुरता. म्हणजे दर नव्या जोडाला पुन्हा तेच काम. लंडनची ‘फ्रीड’ कंपनी १९२९पासून नृत्याचे बूट बनवते. गडद वर्णांच्या नर्तकांसाठी तपकिरी छटांचे बूट तिने बाजारात आणले ते २०१८मध्ये, ‘बॅले ब्लॅक’ या मंडळीच्या साथीने.

मिचेल यांच्या संस्थेची कमाल दिसली ती १९८४च्या ‘क्रिओल जिझेल’मध्ये. मूळ ‘जिझेल’ १८४१चं, पॅरिसचं: खेड्यातली साधी पोर, वेष पालटून आलेला उमराव, फसवणूक, वेड आणि मरण. मिचेल यांनी पावलं जुनीच ठेवली आणि गाव बदललं. कथा नेली लुइझियानात, १८४०च्या सुमाराच्या स्वतंत्र कृष्णवर्णीयांच्या समाजात. तिथे कुणाचं घराणं किती पिढ्यांपूर्वी गुलामीतून सुटलं, त्यावरून उच्च-नीच ठरे. जिझेल खालची, तिचा प्रियकर वरचा. पिचलेल्यांमध्येही उतरंड असते हे आपल्याला कुणी वेगळं सांगायला नको. बाबासाहेबांनी तिला श्रेणीबद्ध विषमता म्हटलं आहे. व्हर्जिनिया जॉन्सन या जिझेल झाल्या. त्यानंतर १९८८मध्ये मंडळी सोव्हिएत रशियात गेली, बॅलेच्या माहेरी, आणि १९९२मध्ये दक्षिण आफ्रिकेत, वर्णभेदी राजवट अजून पुरती संपली नव्हती तेव्हा.

मग पैसा संपला. कर्ज वीस लाख डॉलरांच्या वर गेलं आणि २००४मध्ये नृत्यमंडळी थांबली. शाळा चालू राहिली, पण प्रयोग बंद. २०१२मध्ये व्हर्जिनिया जॉन्सन यांनीच मंडळी पुन्हा उभी केली. मधल्या आठ वर्षांत जे विसरलं गेलं, त्याची मला जास्त खंत वाटते. ३० जून २०१५ला मिस्टी कोपलँड ‘अमेरिकन बॅले थिएटर’ची प्रमुख नर्तिका झाली. त्या मंडळीच्या पंचाहत्तर वर्षांत असा मान मिळालेली ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री, आनंदाचीच गोष्ट. पण लोकांच्या बोलण्यात ती ‘बॅलेतली पहिली’ होऊन बसली. डेब्रा ऑस्टिन १९८२मध्ये पेनसिल्व्हेनियात आणि लॉरेन अँडरसन १९९०मध्ये ह्यूस्टनमध्ये प्रमुख नर्तिका झाल्या होत्या. त्याही आधी, १९७५मध्ये, हार्लेमच्या लिडिया अबार्का ‘डान्स मॅगझिन’च्या मुखपृष्ठावर झळकल्या होत्या. खुद्द कोपलँडने हे ऋण लपवलं नाही. त्याच जून महिन्यात तिने न्यूयॉर्कमध्ये ‘स्वान लेक’ केलं, तेव्हा मंचावर येऊन तिला फुलं देणाऱ्यांत अँडरसन होत्या आणि ऐंशी वर्षांच्या रेव्हन विल्किन्सनही.

मिचेल २०१८मध्ये गेले. दोन वर्षांनी, कोविडच्या टाळेबंदीत, लिडिया अबार्का, शीला रोहन, गेल मॅककिनी-ग्रिफिथ, मार्शा सेल्स आणि कार्लिया शेल्टन या सुरुवातीच्या काळातल्या पाच नर्तिका दर आठवड्याला पडद्यावर भेटू लागल्या. आपला इतिहास आपणच सांगायचा, असं त्यांनी ठरवलं आणि आपल्या मंडळाला नाव दिलं त्याच १५२व्या रस्त्याचं.

आपल्याकडे झाडीपट्टीत दंडार या लोककलेला कुणाच्या परवानगीची गरज कधी पडली नाही. धानाच्या बांधीत राबणारा माणूसच भाऊबीजेनंतरच्या मंडईच्या जत्रेत लुगडं नेसून रात्रभर नाचला. डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी झाडीबोलीची आणि इथल्या लोककलांची नोंद केली, हे मोठं काम झालं. पण गावोगावच्या नाचणाऱ्यांची नावं एकट्या अभ्यासकाच्या हातून कशी लिहून होणार? अबार्का आणि त्यांच्या मैत्रिणी कुणी विचारायला येईल म्हणून थांबल्या नाहीत. येत्या दिवाळीत आपापल्या गावातल्या म्हाताऱ्या दंडारकऱ्यांजवळ बसा. कुणी शिकवलं, सोबत कोण होतं, ढोलकीवर कोण, कुठल्या मंडईत कुठलं सोंग घेतलं, हे त्यांच्याच बोलीत लिहून घ्या, आणि एक प्रत गावच्या शाळेत ठेवा.