मालासाठी दिवा नाही

चार चाकांची गोष्ट : भाग 9

गेल्या भागात टायरमधल्या हवेचं झालं. हवेमागोमाग वजन येतंच, आणि वजनाचं बोलायचं तर तारोडीच्या रस्त्यावर उभं राहून बोलावं. भाईंदर पश्चिमेकडून मुर्धा, राई, मोर्वा अशी गावं मागे टाकत रस्ता डोंगरी-तारोडीकडे आणि पुढे उत्तनला जातो. या पट्ट्याचं जुनं नाव धारावी बेट. तारोडीतली धारावी देवी त्याच नावाची. माहीमजवळची धारावी वेगळी. बेट म्हटल्यावर वाटा मोजक्याच. उत्तन, पाली, चौकच्या किनाऱ्यावर उतरलेली मासळी बाजाराकडे निघते ती याच अरुंद रस्त्याने, बस, रिक्षा, शाळेच्या गाड्या आणि रविवारचे हौशी पर्यटक यांच्यातून वाट काढत. छोटा हत्ती किंवा पिकअप, हौद्यात बर्फ आणि मासळीचे क्रेट, वर ताडपत्री, आणि फाळक्याच्या फटीतून टपटपणारं खारं पाणी.

अशा गाडीत चावी फिरवून पाहा. मीटरवर लाल-पिवळे दिवे एकदम पेटतात. ऑइल, बॅटरी, ब्रेक, इंजिन, सीटबेल्ट, सगळ्यांची हजेरी लागते. पण हौद्यात किती किलो माल आहे, तो नीट बांधलाय का, एका अंगाला कललाय का, हे सांगणारा दिवा त्यात सहसा नसतो. गाडी आपल्या पोटातलं सांगते, पाठीवरचं सांगत नाही. पाठीवरचं चुकलं की पोटातले दिवे मात्र लागायला लागतात. ड्रायव्हर गॅरेजमध्ये जाऊन दिव्याची तक्रार करतो, मिस्त्री दिव्याचा इलाज करतो, आणि मालाकडे दोघांचंही लक्ष जात नाही.

रंगांचं थोडक्यात सांगतो, कारण ते बहुतेकांना माहीत असतं. लाल म्हणजे गाडी बाजूला घ्या. पिवळा म्हणजे आज-उद्या दाखवा. हिरवा-निळा म्हणजे काहीतरी चालू आहे, एवढंच. चिन्हंही जगभर जवळपास सारखीच असतात, त्यांचं आंतरराष्ट्रीय मानक आहे. माहीत नसतं ते निराळंच. चावी फिरवल्यावर सगळे दिवे लागणं ही दिव्यांचीच परीक्षा असते. सेल्फ मारण्याआधी ऑइलचा दिवा लागलाच नाही, तर ‘बरं झालं, काही बिघाड नाही’ असं समजू नये. तो दिवा मेलेला असू शकतो, किंवा कुणीतरी त्याची वायर काढून ठेवलेली असू शकते. जुनी गाडी घेताना मी सगळ्यात आधी हे बघतो.

आता वजन. आपल्याकडे माल डोळ्यांनी मोजतात. ‘हौदा भरला’ म्हणजे गाडी भरली, हा हिशेब. 2005 साली आलेल्या टाटा एसचा, म्हणजे छोट्या हत्तीचा, हौदा साधारण सात फूट लांब आणि पाच फूट रुंद. वाहून न्यायचं वजन जेमतेम साडेसातशे किलो. या हौद्यात सलग वीतभर उंचीचं पाणी भरलं तर तेवढ्यातच साडेसातशे किलो होतात. मासळी आणि बर्फ यांचं वजन पाण्याच्या आसपासच, मधल्या फटी तेवढ्या वजा करायच्या. म्हणजे फाळक्याच्या काठावर क्रेटचा दुसरा थर चढला की बहुधा मर्यादा ओलांडलेली असते, आणि हौदा तर अर्धा रिकामाच दिसतो. रेतीचं याहून वाईट. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, वजन सुमारे साडेचार टन. ‘पावच ब्रास आहे, घे की’ असं म्हणत जी चढवतात ती अकराशे किलोंच्या वर भरते, ओली असेल तर आणखी. आरसी बुकात विनाभार वजन आणि एकूण वजन दोन्ही छापलेलं असतं. पहिलं दुसऱ्यातून वजा केलं की आपला आकडा मिळतो. त्यात ड्रायव्हर आणि क्लीनरही धरायचे, हे मात्र कुणी धरत नाही.

जास्त झालेलं वजन पहिल्यांदा जाणवतं ते चढणीवर. भाईंदरहून ठाण्याकडे माल घेऊन जाताना घोडबंदर रस्त्यावर गायमुखचा घाट येतो. घाट छोटाच, पण वाहतूक तुंबलेली असते, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत चढावं लागतं. इंजिनाला ताकद पूर्ण लावावी लागते आणि रेडिएटरला समोरची हवा मिळत नाही. तापमानाचा लाल दिवा इथे लागतो. कडेला जागा बघून थांबायचं, एसी बंद करायचा. थांबायला जागाच नसेल तर हीटर पूर्ण सोडायचा. इंजिनाची थोडी उष्णता केबिनमध्ये येते, घाम निघतो, पण इंजिन वाचतं. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही. आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर असतं, झाकण सैल झालं की क्षणात वाफ होऊन तोंडावर येतं.

याच चढावर ऑइलचा दिवा कधीकधी लुकलुकतो आणि विझतो. हा दिवा ऑइल किती आहे ते दाखवत नाही, ऑइलचा दाब दाखवतो. ऑइल कमी असलं की चढावर किंवा जोरात ब्रेक मारल्यावर ते चेंबरच्या एका बाजूला जातं, पंप क्षणभर हवा ओढतो, दिवा चमकतो. सपाटीला आलं की सगळं ठीक दिसतं. पण हा लाल दिवा कायम पेटला तर मिनिटाचीही सवलत नाही, इंजिन तिथल्या तिथे बंद. ‘गॅरेजपर्यंत नेतो’ म्हणणाऱ्याने अर्ध्या इंजिनाचे पैसे बाजूला काढून ठेवावेत.

उतरणीचा प्रश्न वेगळा, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. बऱ्याच पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलवर एक साधीशी दांडी असते. तिचं एक टोक ॲक्सलला, दुसरं वरच्या चौकटीला लावलेल्या व्हॉल्व्हला. गाडी भरली की कमानी दबतात, चौकट खाली बसते, दांडी हलते, आणि व्हॉल्व्ह मागच्या चाकांना जास्त ब्रेक सोडतो. रिकाम्या गाडीला मागे कमी ब्रेक, कारण हलकी चाकं चटकन जाम होऊन घसरतात; भरलेल्या गाडीला जास्त. गाडीला पाठीवरचं कळायची ही एकच खूण. बाकी सगळी गाडी अंदाजाने चालते.

या खुणेचं आपण काय करतो? जास्त माल भरता यावा म्हणून कमानीत जादा पाटे टाकतो. इकडे ते सर्रास चालतं. गाडी मग दबत नाही, दिसायला रुबाबदार दिसते, मालकही खूश. पण गाडी दबली नाही की दांडी हलत नाही. टनभर माल पाठीवर आहे आणि व्हॉल्व्ह समजतो की गाडी रिकामी आहे. मागची चाकं अर्धवट ब्रेक धरतात, सगळा भार पुढच्यांवर येतो, लायनर तापतात, घाटाच्या शेवटी पेडल मऊ लागायला लागतं. मीटरवर काहीही पेटत नाही. एका पिकअपखाली आडवा झालेला मिस्त्री ही दांडी हाताने वर-खाली करत वर उभ्या मालकाला विचारत होता, “दादा, पाटे वाढवले तेव्हा ही बसवून घेतली होती का परत?” मालकाने ही दांडी पहिल्यांदाच बघितली होती.

ब्रेकचा लाल दिवा तीन कारणांनी लागतो. हँडब्रेक ओढलेला, ब्रेक ऑइल कमी, किंवा यंत्रणेत बिघाड. हँडब्रेक सोडूनही दिवा राहिला तर भरलेली गाडी पुढे नेऊ नये. एबीएसचा पिवळा दिवा एकटाच असेल तर साधे ब्रेक लागतात, घाबरायचं कारण नाही. फक्त ओल्या रस्त्यावर चाकं जाम होऊ शकतात, म्हणून अंतर वाढवायचं. पिवळा आणि लाल असे दोन्ही एकदम लागले तर पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेक वाटून देणारी व्यवस्थाच गेली असण्याची शक्यता असते. माल भरलेला असताना हे चालणार नाही.

तारोडी-उत्तनच्या गाड्यांत एबीएसच्या दिव्याचं एक खास कारण असतं, आणि ते हौद्यातून गळतं. बर्फ वितळतो, मासळीचं खारं पाणी फटीतून खाली येतं, आणि नेमकं मागच्या चाकांजवळच्या सेन्सरवर, ब्रेकच्या नळीवर, टेललॅम्पच्या वायरींच्या जोडांवर पडतं. समुद्राची हवा आधीच आहे, वर हे. जोडावर हिरवट-पांढरी पूड धरते. दिवा लागतो, विझतो, पुन्हा लागतो. स्कॅनर लावला की सेन्सर बदला असं येतं, नवा सेन्सर बसतो, काही महिन्यांत तेच. खर्च सेन्सरवर करण्याऐवजी हौद्याच्या तळावर करावा: फटी बुजवाव्यात, पाणी एका कोपऱ्याकडे वळवून तिथून रबरी नळी चाकांपासून लांब सोडावी, आणि रोज रिकाम्या गाडीचा खालचा भाग गोड्या पाण्याने धुवावा. मागून येणाऱ्या दुचाकीवाल्यालाही बरं, कारण रस्त्यावर सांडलेलं हे पाणी भयंकर निसरडं असतं.

माल रचण्याचं सांगायचं राहिलं. जड खाली, हे सगळे जाणतात. पुढे-मागे किती, यात चुकतं. उतरवायला सोपं म्हणून जड क्रेट फाळक्याजवळ ठेवतात. मागच्या चाकांच्याही मागे वजन गेलं की पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग पोकळ लागतं, आणि हेडलाइट वर उठून समोरच्याच्या डोळ्यांत जातो. समोरचा शिव्या देतो, आपल्याला कारण कळत नाही. बऱ्याच मोटारींत हेडलाइट खाली-वर करायची 0 ते 3 आकड्यांची चकती असते. मागची सीट आणि डिकी भरली की ती फिरवायची असते. कित्येकांची आयुष्यभर शून्यावरच राहते.

माल केबिनमागच्या जाळीला टेकलेला हवा, मध्ये मोकळी जागा नको. दोर माल दाबून धरतो, पण ओला नायलॉन ताणला जातो, आणि मासळीच्या गाडीत तर बर्फ वितळत जातो तसा मालच खाली बसतो. निघताना ताठ असलेला दोर मुर्धा येईपर्यंत ढिला पडतो. म्हणून पहिल्या काही किलोमीटरनंतर उतरून दोर पुन्हा आवळायचा. युरोपात माल बांधताना हिशेब असा धरतात की बंधनाने पुढच्या दिशेने मालाच्या वजनाच्या 80 टक्के आणि बाजूला 50 टक्के जोर सोसला पाहिजे. आपल्याकडचा एकच काथ्या, तोही मधोमध, यात कुठे बसतो ते ज्याचं त्याने पाहावं.

घरच्या मोटारीतही हेच गणित आहे. गणपतीला कोकणात निघालेल्या गाड्या आठवा. डिकीत तांदळाचं पोतं, मागच्या काचेशी डबे, टपावर ट्रंक. 50 किलोमीटर वेगाने गाडी धडकली तर मोकळी वस्तू पुढे जाते ती सुमारे दहा मीटर उंचीवरून, म्हणजे तीन मजली इमारतीच्या गच्चीवरून पडावी तितक्या जोराने. वीस किलोंचा डबा असो की माणूस, नियम तोच. 4 सप्टेंबर 2022 ला मुंबई-अहमदाबाद महामार्गावर, पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा मृत्यू झाला. मागच्या सीटवरच्या दोघांनी बेल्ट लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं होतं. ते दोघे गेले, पुढचे दोघे वाचले.

सीटबेल्टचा दिवा हा मालाशी संबंध असलेला एकमेव दिवा म्हणता येईल. 1 जुलै 2019 पासून नव्या मोटारींत पुढच्या दोन्ही सीटना बेल्टची आठवण देणारा आवाज सक्तीचा झाला. शेजारच्या सीटवर भाजीची जड पिशवी ठेवली की गाडी तिला माणूस समजते आणि पिंपिं करत राहते. लोक वैतागून बेल्टच्या खाचेत खोटी क्लिप अडकवतात. 2023 मध्ये अशा क्लिपा विकणाऱ्या ऑनलाइन दुकानांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने त्या काढून टाकायला लावल्या. पिशवी खाली पायाशी ठेवली तर आवाजही थांबतो आणि ब्रेक मारल्यावर पिशवी कुणाच्या अंगावरही येत नाही.

कायद्याचं एका दमात : 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम 194 खाली जादा वजनाला 20,000 रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला 2,000 रुपये दंड आहे, शिवाय जादा माल तिथेच उतरवायचा खर्च. हौद्याबाहेर आलेल्या मालालाही 20,000. मासळीवाल्याला तिथेच माल उतरवून ठेवणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

आता मोसमाचं एक. 1 जूनला मासेमारी बंद होते आणि बऱ्याच गाड्या दोन महिने अंगणात उभ्या राहतात. नारळी पौर्णिमेच्या सुमाराला त्या पुन्हा निघतात, आणि नेमक्या तेव्हाच गॅरेजपुढे रांगा लागतात. बॅटरी उतरलेली असते, ब्रेकच्या ड्रमला गंज चढलेला असतो, उंदरांनी वायरी कुरतडलेल्या असतात. इंजिन चालू असताना बॅटरीचा लाल दिवा राहिला तर बॅटरीला दोष देण्याआधी पट्टा आणि डायनामो बघायचा. तो दिवा चार्जिंग होत नाही एवढंच सांगत असतो. पहिल्या खेपेला हौदा निम्मा भरावा, रिकाम्या रस्त्यावर दोन-तीनदा ब्रेक दाबून गंज घासून काढावा, आणि मगच घोडबंदरचं भाडं घ्यावं.

पुढच्या भागात : बॅटरी आणि डायनामो.