जत्रेंतला गाळा आणि हातच्या कामाचें मोल

हल्लीं सुशिक्षित कुटुंबांतून एक गोष्ट वारंवार दृष्टीस पडते. घरांतील एकादी सून, किंवा नोकरींतून निवृत्त झालेल्या आत्याबाई, आपल्या हातानें दुपटीं शिवितात, लोकरीचें विणकाम करितात, कापडी पिशव्यांवर भरतकाम करितात. आणि या वस्तु केवळ बारशा-डोहाळजेवणांत आहेर म्हणून न देतां हस्तकलेच्या प्रदर्शनांत गाळा घेऊन विकावयास मांडतात. एकत्र कुटुंबांत हा बेत निघाला म्हणजे पहिला प्रश्न भांडवलाचा नसतो. ‘लोक काय म्हणतील?’ हा असतो. दुसरा प्रश्न कोणी मोठ्यानें विचारीत नाहीं. ज्या कामाला घरांत आजवर कोणीं दाम दिला नाहीं, त्याचा दाम परक्यापाशीं मागावयाचा तरी कसा? आमच्या मतें पहिल्या प्रश्नांत फारसें तथ्य नाहीं. दुसऱ्यांत मात्र सगळें मर्म आहे.

पहिल्याचें मूळ जुनें आहे. आपत्कालीं व्यापारावर निर्वाह करण्याची पाळी आली तरी ब्राह्मणानें कोणत्या वस्तु विकूं नयेत याची लांबलचक यादी मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायांत आहे. तींत मीठ आहे, शिजविलेलें अन्न आहे, आणि रंगविलेलें कापडहि आहे. ती यादी आज कोणाच्या घरीं पाळली जाते? यादी गेली, पण बाजारांत बसणाऱ्याकडे किंचित् वरून पाहण्याची खोड तेवढी राहिली. ज्यांच्या घरीं करणें आणि विकणें ही पिढीजात विद्या आहे त्या साळी, कासार, कुंभार मंडळींना आपल्या या संकोचाचें हसूंच येईल.

संस्कृत ग्रंथाचाच आधार हवा असेल तर कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणांतील सूत्राध्यक्षाचें प्रकरण वाचावें. विधवा, अपंग स्त्रिया, कन्या इत्यादिकांकडून सूत कातवून घ्यावें. सूत तलम, जाड कीं मध्यम हें पाहून वेतन ठरवावें. ज्या स्त्रिया घराबाहेर पडत नाहींत त्यांच्याकडे दासी पाठवून त्यांना मानानें काम द्यावें, असें तेथें सांगितलें आहे. ज्या स्वतः पहांटे सूत्रशाळेंत येतील त्यांच्याशीं देवघेव करतांना दिवा सूत पाहण्यापुरताच असावा. अधिकाऱ्यानें स्त्रीच्या मुखाकडे पाहिलें किंवा भलत्याच गोष्टी काढल्या तर त्यास दंड, आणि वेतन देण्यास उशीर केला तरीहि दंड! घरीं बसून केलेलें हातकाम हें काम आहे व त्याला प्रतीप्रमाणें वेतन आहे, हें त्या प्राचीन ग्रंथकाराला मान्य होतें. आपण मात्र तेंच काम ‘हौस’ या एका शब्दांत गुंडाळून ठेवतों.

आतां प्रत्यक्ष जत्रेकडे वळूं. हरियाणांत फरीदाबादजवळ सूरजकुंड येथें १९८७ पासून हस्तकलेचा मोठा मेळा भरत आला आहे. दिल्लींत १९९४ सालीं ‘दिल्ली हाट’ उघडली; तेथें कारागिरांना गाळे पाळीपाळीनें, थोड्या दिवसांकरितां मिळतात. मुंबईस काळा घोडा कला महोत्सव १९९९ पासून, पुण्यास हिंवाळ्यांत भीमथडी जत्रा, आणि ग्रामीण भागांतील बचत गटांच्या भगिनींसाठीं महालक्ष्मी सरस, हीं नांवें वाचकांस परिचित असतीलच. पण पहिलाच गाळा एकदम अशा मोठ्या ठिकाणीं घेऊं नये. आपल्या पेठेंतल्या सभागृहांत, शाळेच्या पटांगणांत दोन-तीन दिवसांचीं प्रदर्शनें भरतात, त्यांतून आरंभ करावा; आणि तेथेंहि गाळा घेण्यापूर्वीं एक वर्ष नुसतें गिऱ्हाईक होऊन हिंडून यावें. लोक तेथें वस्तु घ्यावयास येतात कीं थालीपिठें खावयास, हें बाहेर पडणाऱ्यांच्या हातांतील पिशव्या मोजल्या म्हणजे अर्ध्या तासांत कळतें.

खरी परीक्षा किंमत ठरवितांना होते. आमच्या परिचयांतील एका घरच्या सूनबाई जुन्या मऊ सुती लुगड्यांचीं व नव्या अस्तराचीं तान्ह्या मुलांचीं दुपटीं शिवितात. टांका हाताचा, दोरा पक्का, कडेला त्रिकोणी घड्यांची नक्षी. प्रथम त्यांनीं एका दुपट्याची किंमत ६०० रुपये योजिली होती. कारण काय, तर ‘त्याहून अधिक मागायला बरें वाटत नाहीं’. आम्हीं जन्मभर मुलांना त्रैराशिक शिकविलें. तेव्हां पाटी घेऊन बसलों.

एका दुपट्यास कापड, अस्तर व दोरा मिळून २६० रुपये लागतात. शिवण्यास दहा तास. प्रदर्शनाच्या गाळ्याचें तीन दिवसांचें भाडें ६,००० रुपये, टेंपोचे १,५००, टेबल व दिव्यांचे ९००, पिशव्या-चिठ्ठ्या वगैरेंचे ६००, एकूण ९,०००. तीस दुपटीं विकलीं गेलीं असें धरलें तर प्रत्येकावर ३०० रुपयांचा बोजा पडतो. म्हणजे ६०० रुपयांतून ५६० वजा जाऊन हातीं राहिले ४० रुपये. दहा तासांचे चाळीस, तासाचे चार! आणि तिसांऐवजीं वीसच खपलीं तर गाळ्याचा बोजा ४५० होतो, व सूनबाई प्रत्येक दुपट्यामागें पदरचे ११० रुपये देऊन तें गिऱ्हाइकाच्या घरीं पोंचवितात. तासाला ६० रुपये मजुरी धरली तर २६०, ६०० आणि ३०० मिळून ११६० होतात. कांहीं माल उरणार हें जमेस धरून किंमत १२५० ठरली. या किंमतीस वीसच दुपटीं गेलीं तरी दहा तासांचे ५४० रुपये सुटतात.

ही बेरीज सासूबाई शेजारीं बसून ऐकत होत्या. त्या एवढेंच म्हणाल्या, “चार रुपये? मग माझ्या पापड-कुरडयांचं काय झालं असतं?” त्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हतें. १९५९ सालीं गिरगांवांत सात स्त्रियांनीं ८० रुपये उसने घेऊन पापड लाटावयास बसून जो उद्योग उभारला, त्याचें ‘लिज्जत’ हें नांव आज घरोघर ठाऊक आहे. त्या पापडांना भाव होता, आमच्या गच्चीवर वाळणाऱ्यांना नव्हता, इतकेंच.

१२५० हा आंकडा चिठ्ठीवर लिहिणें सोपें. तोंडानें सांगणें कठीण. गिऱ्हाईक म्हणणार, “अगं बाई, एवढंसं दुपटं आणि साडेबाराशे? आमची आजी असली ढीगभर करायची.” येथें रागावूं नये आणि लाजूंहि नये. “हो ना काकू, मीही आजीकडूनच शिकले. हातांत घेऊन पाहा ना, उलट्या बाजूनंही टांका तसाच आहे,” असें म्हणून वस्तु त्यांच्या हातीं द्यावी. हाताला मऊपणा कळला म्हणजे निम्मी घासाघीस आपोआप थांबते. उरलेल्या निम्मीस नकार द्यावा. एकास ९०० ला दिलें तर शेजारीं उभ्या असलेल्या, पूर्ण दाम मोजलेल्या बाईची ती फसवणूक होते. मात्र पांच घेणाऱ्यास एक लहान पिशवी वर द्यावयास हरकत नाहीं. तें व्यापाऱ्याचें औदार्य आहे, मजुरींतली काटछांट नव्हे.

मांडणीसंबंधीं थोडें. नुसत्या टेबलावर पसरलेला माल कमरेच्या उंचीवर राहतो आणि गर्दींत दिसत नाहीं. रिकामे खोके एकावर एक ठेवून, वर साधी चादर घालून, पायऱ्या कराव्या. उत्तम दुपटीं मागें दोरीवर नजरेच्या उंचीस टांगावीं. आमच्याकडे गौरींची आरास करतांना प्रत्येक घरांत ही विद्या दिसते. तीच येथें वापरावयाची. टेबलावरची चादर जमिनीपर्यंत सोडावी, म्हणजे उरलेला माल व जेवणाचा डबा खालीं झांकला जातो. मोठ्या वस्तूंच्या पुढें १०० ते २०० रुपयांच्या लहान वस्तु, बटवे, पुस्तकांतील खुणेच्या पट्ट्या, ठेवाव्या; माणसें त्यांच्यापाशीं थबकतात आणि मग मान वर करून दुपटीं पाहतात. किंमत प्रत्येक वस्तूवर लिहिलेली असावी. ती विचारण्याच्या संकोचानें पुष्कळ लोक तसेच पुढें जातात. गाळा उघड्यावर असेल तर वाऱ्यासाठीं वजनें व अवेळीं येणाऱ्या पावसासाठीं प्लास्टिकचा मोठा कागद विसरूं नये.

वारली पद्धतीचीं चित्रें कपांवर व उशांच्या अभ्र्यांवर काढून विकण्याची टूम हल्लीं फार आहे. ती कला डहाणू-जव्हारकडील आदिवासी बांधवांची आहे, व तिला भौगोलिक निर्देशांकाचें संरक्षणहि मिळालें आहे. आपण घरीं गिरविलेल्या आकृतींना ‘अस्सल वारली’ म्हणून विकणें हें आम्हांस सभ्यपणाचें वाटत नाहीं. आपल्या आजीचें विकावें. दुसऱ्याच्या आजीचें नको.

कायद्याची धास्ती कांहीं घरांत उगीच बाळगतात. केवळ महाराष्ट्रांतच माल विकणाऱ्या लहान घरगुती विक्रेत्यास जीएसटीची नोंदणी वार्षिक उलाढाल ४० लक्षांच्या आंत असतां सामान्यतः लागत नाहीं. परराज्यांत जावयाचें तर नियम निराळे, ते आधीं जाणत्यास विचारावे. खाद्यपदार्थ असतील तर अन्नसुरक्षा विभागाची नोंदणी हवीच. केंद्र सरकारचें हस्तशिल्प आयुक्तालय कारागिरांना ‘पहचान’ नांवाचें ओळखपत्र देतें. सरकारी मेळ्यांत गाळा मागतांना तें उपयोगीं पडतें.

याहून महत्त्वाची एक बाब कोणत्याच नियमांत नाहीं. आजकाल गिऱ्हाईक गाळ्यावरील क्यूआर चिठ्ठीवर फोन धरून पैसे देतें. ते पैसे कोणाच्या खात्यांत जातात? आम्हीं चार-पांच गाळ्यांवर सहज विचारून पाहिलें. बहुतेक ठिकाणीं उत्तर मिळालें, “ह्यांच्या”. यजमान सज्जनच असतात, पैसे खातही नाहींत. पण महिन्याअखेर तो दुपट्यांचा पैसा वीजबिलांत व किराण्यांत मिसळून जातो, आणि पुढच्या वेळीं नवें अस्तर घ्यावयास त्या बाईला पुन्हां मागावें लागतें. म्हणून चिठ्ठी तिच्या स्वतःच्या खात्याची असावी. त्या सूनबाईंनीं प्रदर्शनापूर्वीं हीच एक अट घातली; त्यांच्या सासऱ्यांनीं थोडें कुरकुरून, पण स्वतः बँकेत बरोबर जाऊन, ती पुरी केली.

गाळ्यावर दोन माणसें हवींत. एकटीला जेवायलाहि उठतां येत नाहीं. घरच्या स्वयंपाकाची वांटणी आठवडाभर आधीं ठरलेली असावी, नाहींतर गाळ्यावर उभी असलेली बाई दर तासाला फोनवर ‘कुकरच्या किती शिट्ट्या’ सांगत राहते. पन्नासाच्या व शंभराच्या सुट्या नोटा, पावतीपुस्तक, कात्री, सुई-दोरा, आणि मागणी लिहून घेण्याची वही बरोबर घ्यावी. रोज रात्रीं कितीही थकवा असो, काय विकलें, काय नुसतें हाताळलें गेलें, आणि कोणत्या रंगाबद्दल लोकांनीं विचारलें, हें लिहून ठेवावें. सूनबाईंच्या वहींत तिसऱ्या रात्रीं बावीस दुपटीं विकल्याची नोंद आहे, आणि तिच्याखालीं सासूबाईंच्या वळणदार अक्षरांत एक ओळ: “पिंवळें तीन जणींनीं मागितलें. माझें जुनें इरकली काढावें.”