रद्दीच्या भावातले तमिळ वाङ्मय

नाटकाच्या खेळाचे जाहिरातपत्रक, लग्नपत्रिका, जत्रेत विकले जाणारे गाण्यांचे चोपडे, यांना कार्य उरकल्यावर बाजारात किंमत उरते ती रद्दीची. तमिळनाडूच्या चेट्टिनाड भागातील कोट्टैयूर गावी रोजा मुत्तैया चेट्टियार यांनी नेमका हाच माल जन्मभर जमविला. व्यवसायाने ते नामफलक रंगविणारे कलावंत. विद्यापीठाशी त्यांचा संबंध नव्हता. १९९२ साली ते निवर्तले तेव्हा जुनी पुस्तके, नियतकालिके व सुटी पत्रके मिळून लाखाच्या घरातील संग्रह मागे राहिला होता.

तमिळ ग्रंथांच्या उद्धाराची परंपरा थोर आहे. उ. वे. स्वामिनाथ अय्यर यांनी कीड लागलेल्या ताडपत्रांच्या पोथ्या गावोगाव हिंडून मिळविल्या आणि १८८७ मध्ये 'जीवक चिंतामणी', १८९२ मध्ये 'शिलप्पदिकारम्', १८९४ मध्ये 'पुरनानूरु' छापून काढले. छपाईच्या खर्चासाठी त्यांना आगाऊ वर्गणीदार शोधावे लागत. तथापि अभिजात काव्याला आज ना उद्या कैवारी भेटतोच. चार दिवसांच्या करमणुकीसाठी छापलेल्या चोपड्याला तो भेटत नाही. आणि सामान्य माणूस काय वाचीत व गात होता, याचा पुरावा तर त्या चोपड्यातच असतो. मुत्तैयांची दृष्टी इथे पंडितांच्या पुढे गेली, असेच म्हटले पाहिजे.

त्यांच्या पश्चात हा संग्रह शिकागो विद्यापीठाने विकत घेतला. परक्यांनी पैसा मोजावा याची खंत वाटणे स्वाभाविक आहे. पण संग्रह परदेशी गेला नाही. १९९४ मध्ये चेन्नईत त्याचे संशोधन ग्रंथालय झाले, पानांची सूक्ष्मचित्रफीत निघाली आणि पुढे संगणकीय प्रती होऊ लागल्या. दुसरीकडे १९९८ च्या पोंगलपासून 'मदुरै प्रकल्पा'त जगभरच्या तमिळ स्वयंसेवकांनी जुने ग्रंथ विनामूल्य संगणकावर आणण्याचा उद्योग आरंभिला.

खरी अडचण यानंतर सुरू होते. संगणकीय प्रत एकदा तयार झाली की ती आणखी हजार वाचकांना देण्याचा खर्च नगण्य असतो. परंतु भारतीय कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क वारसांकडे राहतो. प्रकाशकाला जे पुस्तक परवडत नाही, ते ग्रंथालयालाही खुले करता येत नाही. म्हणजे प्रत सुरक्षित, पण कुलुपात!

यावर तमिळनाडूने काढलेला तोडगा अन्य राज्यांनी अभ्यासण्याजोगा आहे. १९४९ मध्ये मद्रास सरकारने सुब्रह्मण्य भारतींच्या साहित्याचे हक्क स्वतःकडे घेतले व पुढे ते जनतेला खुले केले. नंतर अण्णादुराई, कल्की आदी अनेकांचे लेखन वारसांना ठोक रक्कम देऊन असेच राष्ट्रीयीकृत झाले. एका पुलाच्या खर्चापुढे ही रक्कम ती काय! सरकारी निवडीत मर्जीला वाव राहतो हे खरे. तरीही वाचकाचा लाभ निर्विवाद आहे.

मात्र वारसच ठाऊक नसेल तर रक्कम द्यायची कोणाला? निनावी प्रकाशनाची मुदत प्रसिद्धीपासून ६० वर्षे मोजतात. पण मुत्तैयांनी जपलेल्या प्रकारच्या पत्रकावर कित्येकदा सालही नसते. मग ग्रंथपालाने छापखान्याच्या नावावरून, ठशांच्या घडणीवरून, नाहीतर खेळाच्या तिकिटाच्या दरावरून काळ ठरवावयाचा.