म्हातारचळ म्हणण्यापूर्वी

‘आजोबांना म्हातारचळ लागलाय, रात्रभर बडबडतात,’ असे सांगत नातेवाईक दवाखान्यात येतात. हा झाला निष्कर्ष. मला हवी असते पाहिलेली गोष्ट : परवापर्यंत आजोबा नातवंडांना नावाने हाक मारीत होते, काल संध्याकाळपासून ओळखत नाहीत, लघवीला दिवसभरात एकदाच गेले. एवढ्याने उपचाराची दिशा बदलते. स्मृतिभ्रंश बहुधा महिनोन्‌महिने हळूहळू वाढतो. एक-दोन दिवसांत आलेल्या भ्रमामागे पुष्कळदा जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी, उतरलेले सोडियम वा साखर, नाहीतर नवी गोळी असते, आणि वेळीच उपचार झाले तर तो ओसरू शकतो. उतारवयात जंतुसंसर्ग होऊनही ताप येईलच असे नाही. तेव्हा ‘अंग गार आहे’ यावर विसंबू नये.

निरीक्षणाला पदवी लागत नाही. आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली सुरू केलेल्या प्रकल्पात अक्षरओळख नसलेल्या कितीतरी स्त्रिया उत्तम आरोग्यसेविका झाल्या. गडचिरोलीच्या डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने दाईंसाठी वाळूचे घड्याळ आणि मणी असलेले श्वास मोजण्याचे साधन बनविले. ‘बाळाला धाप लागलीय’ हे वाटणे झाले. दोन महिन्यांच्या आतील बाळाचे मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास, हे मोजणे.

मात्र मोजता येत नाही ते खोटे, असे कोणी समजू नये. दुखणे, चक्कर, मळमळ ज्याची त्यालाच कळते. ते त्याच्याच शब्दांत सांगावे. आजी ‘छातीवर धोंडा ठेवल्यासारखं होतंय’ म्हणाल्या, तर घरच्यांनी त्याचे ‘गॅसेस’ करू नये! (हे फार घडते.)

अंथरुणाला खिळलेल्या माणसाजवळ एक वही टांगावी. ‘बऱ्यापैकी जेवले’ऐवजी ‘अर्धी भाकरी, वाटीभर वरण, सायंकाळी ७’ असे लिहावे. ‘हट्टी’, ‘नाटकी’ हे शब्द वहीत नकोत. ते वाचून रात्रपाळीची बाई रोग्याच्या कण्हण्याकडे लक्ष देईनाशी होते.

अचानक भ्रम झाल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. मधुमेही असल्यास साखर लगेच तपासावी. ७० च्या खाली असून नीट गिळता येत असेल तर साखरपाणी द्यावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालू नये, तडक रुग्णालय गाठावे. येताना ती वही आणि चालू असलेल्या सर्व गोळ्यांची पाकिटे बरोबर आणावीत, आयुर्वेदिक पुड्यासुद्धा.